बरणीच्या जातीचे कप

झाशीच्या प्रेम नगरात "कल्याणी लघाटे कुठे राहतात" असं विचारलंत तर कुणी मान वर करणार नाही. "वो मिट्टी वाली भाभीजी" म्हणालात, तर भाजीवाला आपली गाडी सोडून तुम्हाला फाटकापर्यंत आणून सोडेल. वर सांगेल, "घंटी मत बजाइए, सुनाई नहीं देगी, चाक चल रहा होगा."

मराठी मंडळींत मात्र तिची ओळख जरा वेगळी होती. "सुबोधची बायको ना? नोकरी नाही करत ती. घरीच असते. मातीत खेळते."

खेळायला लागून तिला बावीस वर्षं झाली होती. माहेर इंदूरचं, शाळा मराठी, पदवी वाणिज्याची, आणि नवरा रेल्वेच्या ऑफिसात. एवढ्या सामग्रीतून कुंभार निघेल असं कुणालाही वाटलं नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षी ती भोपाळला तीन महिन्यांच्या कोर्सला गेली. त्या काळात कोर्स म्हणजे कॉम्प्युटरचाच, त्यामुळे सासूबाईंनी, म्हणजे प्रेमलाबाईंनी, आनंदाने निरोप दिला, चकल्यांचा डबाही दिला. सून परत आली ती नखांत माती घेऊन. सासूबाई दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाल्या, "कॉम्प्युटरला एवढी माती कशी गं लागते?"

मग खरं काय ते सांगावं लागलं.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली, विजेचं चाक आलं, पुढे गॅसची भट्टी आली. पहिली भट्टी लावली तेव्हा कल्याणीने घाई केली. भांडी वरून सुकलेली दिसत होती, पण बुडाशी ओल होती. आतल्या ओलीची वाफ झाली आणि एकामागून एक सगळी भांडी आतच फुटली. शेजारच्यांना वाटलं, वरात आली. गरौठ्याकडून तिला तळ्याची लाल माती आणून देणारा हरप्रसाद कुंभार भट्टीत डोकावला आणि म्हणाला, "बाईजी, जल्दी काय की हती? ईखों सूखन तो देतीं." हरप्रसादच्या सात पिढ्या हेच करत आल्या होत्या. त्याला कुणी कोर्सला पाठवलं नव्हतं आणि त्याच्या भट्टीत कधी वरात निघाली नव्हती.

कल्याणी शिकत गेली. माती कणकेसारखी तिंबायची, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मग गोळा चाकावर आपटायचा आणि दोन्ही कोपरं मांड्यांना टेकवून तो बरोब्बर मध्यावर आणायचा. हे मध्यावर आणणंच आठ महिने जमलं नाही. गोळा केसभर जरी बाजूला असला तरी भांडं वर येताना डगमगतं आणि मान टाकतं. तिला पुढे पुढे वाटायचं, मराठी स्नेहवर्धक सभेच्या बैठकांमध्येही असंच होतं, तिथे प्रत्येक गोळ्याला मध्यावरच बसायचं असतं.

आता या सभेबद्दल. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही घरं. कुणाचे पूर्वज कारभारी, कुणाचे पुजारी, कुणाचे घोडदळात. आताचे वंशज विमा, बँक आणि रेल्वेत. गणपती, दसरा, संक्रांत आणि दर महिन्याला एक बैठक. बैठक आळीपाळीने एकेकाच्या घरी व्हायची. कल्याणीच्या घरी झाली की चहा देण्यासाठी स्टीलचे पेले निघायचे, नाहीतर लक्ष्मी गेटजवळच्या दुकानातला, सोनेरी काठाचा, गुलाबाच्या फुलांचा पांढराशुभ्र कपांचा सेट. लग्नात एकाच दुकानातून घेतल्यामुळे हा सेट सभेच्या प्रत्येक घरी होता. कल्याणीने स्वतः केलेल्या कपात चहा द्यायचा नाही, हा सासूबाईंचा नियम.

"मातीच्या भांड्याला एकदा तोंड लागलं की ते उष्टं झालं," त्या म्हणायच्या. "धुतलं तरी उष्टंच. माती आत ओढून घेते. माठ बघ, कसा घामेजतो. जे घामेजतं ते सगळं लक्षात ठेवतं."

यात भांडण नव्हतं. सासूबाई चांगल्या होत्या. सुनेच्या भट्टीला दर वेळी स्वतः हळदकुंकू लावायच्या, आत अन्न शिजतंय असं समजून भट्टीपुढे हात जोडायच्या. पण सुनेच्या हातच्या कपाला त्यांनी बावीस वर्षांत ओठ लावला नव्हता. कल्याणीचे कप दिल्लीला गेले, पुण्याला गेले, एक कोण जर्मन बाई सहा घेऊन गेली. माजघर ओलांडून स्वयंपाकघरात मात्र एकही गेला नाही. एखादं दुखणं अंगवळणी पडतं आणि आपण त्याला दुखणं म्हणायचं सोडून देतो, तसं तिचं झालं होतं.

यंदा दिल्लीच्या एका दालनाने तिचे कप प्रदर्शनासाठी निवडले. तिथली मेघना नावाची मुलगी फोनवर फार सुंदर बोलायची. "कल्याणीजी, आपले बारा कप म्हणजे बारा महिने. बाहेरचा उघडा, खरबरीत पृष्ठभाग म्हणजे स्त्रीचं जगाशी असलेलं नातं, आणि आतलं हिरवं लुकण म्हणजे तिचं मौन."

कल्याणीने कप बाहेरून उघडे ठेवले होते कारण बाहेर लुकण, म्हणजे काचेचा लेप, दिलं की ते ओघळून भट्टीतल्या फळीला चिकटायचं. आतलं हिरवं हरप्रसादच्या चुलीच्या राखेचं होतं. राख तीनदा चाळायची, दोनदा पाण्यात धुवायची, मग दगडाच्या पुडीत कालवायची. बाराशे चाळीस अंशांवर, तेरा तास भट्टी राखली, तर त्या राखेची काच होते. अंश, दोन अंश इकडेतिकडे झाले की शेवाळी रंगाऐवजी पिठल्याचा रंग येतो. पाच भट्ट्यांमधून मनाजोगते बारा निघाले होते. पण मौन म्हटल्यावर ती मौनच राहिली.

बातमी वर्तमानपत्राच्या झाशी पानावर आली, तिचं नाव कल्पना असं छापून. सभा जागी झाली. अध्यक्ष केशवरावांचा सुबोधला फोन आला, "अरे भाई, सूनबाईंनी तर नाव काढलं! आम्हाला माहीतच नव्हतं की ही आर्टिस्ट आहे. सत्कार करावाच लागणार. नियोजनाची बैठक तुमच्याकडेच ठेवू या, म्हणजे त्यांनाही सोयीचं."

स्वतःच्या सत्काराच्या नियोजनाला स्वतःच्या हातचा चहा, हे कल्याणीला सोयीचं कसं ते सुबोधने विचारलं नाही.

बैठक बुधवारी, आणि कप न्यायला कुरियरवाला येणार शुक्रवारी. बुधवारी दुपारी कल्याणी शेडमध्ये एकेक कप उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकत होती. कच्चं भांडं भद्द वाजतं. पक्कं भाजलेलं ठण्ण वाजतं, देवघरातल्या घंटेचा धाकटा भाऊ असल्यासारखं. बाराही ठण्ण वाजले आणि तिच्या मनात आलं, की आज हे ज्यांच्यासमोर ठेवायचे ते लोक तिचा सत्कार करणार आहेत. एवढं नाव काढलं म्हणतात, तर एकदा हातात धरून बघू देत. एकच चहा. मग धुऊन, कागदात गुंडाळून खोक्यात.

ही तिची चूक. कारण झाशीत जन्म घालवलेल्या माणसाच्या हातात बाहेरून उघडी, तपकिरी, मातीची वाटोळी वस्तू आणि त्यात वाफाळता चहा दिला, तर त्याचा हात पुढे काय करतो हे तिला बावीस वर्षांत कळायला हवं होतं.

कार्यकारिणी अकरा जणांची, बारावा सुबोध. मंडळी मागच्या पडवीत बसली. सासूबाई खांबाला टेकून, हातात आपला स्टीलचा पेला.

"वा!" केशवराव पहिला घोट घेऊन म्हणाले. "कुल्हडात चहाची बातच और. मातीचा वास, सोंधी सोंधी."

कल्याणीच्या तोंडावर आलं होतं, की काका, हे कुल्हड नाही. पण तेवढ्यात सचिव कमलिनीताई म्हणाल्या, "सत्काराला शाल की साडी?"

"शाल. साडीचा रंग आवडत नाही म्हणतात नंतर."

"आणि वक्ता?"

"वक्ता कशाला? मी आहे ना." केशवरावांनी खिशातून कागद काढला. "ऐका. 'झाशी ही वीरांची भूमी. पण या भूमीच्या मातीलाही कलेचा सुगंध आहे.' कसं वाटतं?"

"एकदम बढिया," सगळे म्हणाले.

तेवढ्यात कल्याणीचा फोन वाजला. मेघना. कल्याणी आत गेली.

"कल्याणीजी, कप तयार आहेत ना? निमंत्रणपत्रिका छापायला गेली. बारा मास, असं नाव दिलंय."

"तयार आहेत. बाराच्या बारा. अगदी डोळ्यांसमोर आहेत माझ्या."

आणि बाहेरून आवाज आला. ठण्ण.

कुंभार असेल त्याला तो आवाज झोपेतही ओळखू येईल. मागोमाग दुसरा, तिसरा. कल्याणी फोन तसाच कानाला धरून पडवीत आली. केशवराव कुंपणाच्या भिंतीशी उभे होते. भिंतीपलीकडे मोकळ्या प्लॉटवर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, वाळूचा ढीग आणि विटांची रास. मंडळी रांगेने येऊन, लक्ष्मी गेटच्या चहावाल्याकडे रिकामं कुल्हड टाकतात तशा सराईत हाताने, आपापला कप पलीकडे भिरकावत होती. कुणी नेम धरून, कुणी पाठमोरं. कमलिनीताईंनी आधी पदर सावरला, मग टाकला. केशवरावांचा कप विटांवर आपटून न फुटताच उसळून परत भिंतीच्या अलीकडे आला होता. त्यांनी तो उचलला, पुन्हा मारला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही पाय रोवले आणि क्रिकेटमध्ये गोलंदाज टाकतो तसा टाकला. फुटला.

"आजकालचे कुल्हडपण हट्टी झालेत," ते हात झटकत म्हणाले. मग कल्याणीकडे वळून, "सूनबाई, धुवायची दगदग वाचवली तुमची. पाहुण्यांनी आपलं उष्टं यजमानाच्या गळ्यात घालू नये, असं आमचे वडील सांगायचे."

फोनमधून मेघना विचारत होती, "हॅलो? काय पडलं?"

"काही नाही," कल्याणी म्हणाली. "मंडळी चहा पितायत."

पाहुण्यांना काय बोलणार? त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. त्यांनी उलट शिस्त पाळली होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. सुबोधचे हात रिकामे होते.

"तुम्हीपण?"

"अगं," सुबोध पुटपुटला, "सगळेच टाकत होते..."

सत्काराचा ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळी गेली.

कल्याणी चप्पल घालून प्लॉटवर जायला वळते तो पलीकडे कुणीतरी आधीच होतं. सासूबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वाळूच्या ढिगात बसून बटाटे काढावेत तसे कप काढत होत्या. वाळूत पडलेले आठ अख्खे निघाले, त्यातल्या एकाच्या काठाचा टवका उडाला होता. विटांवर पडलेले चार गेले होते.

"आई, राहू द्या. उष्टे आहेत," कल्याणी म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण तो मारला गेला.

"गप." सासूबाईंनी एक कप उन्हाकडे धरला. "केशवने त्याचा तीनदा आपटला. मी मोजलं. दोनदा अख्खा परत आला. मातीचं भांडं असं परत येतं का?"

घरी आल्यावर त्यांनी एक कप राखेने घासला, काठोकाठ पाण्याने भरला आणि देवघरापुढच्या कोरड्या पाटावर ठेवला. भोवती चिमटीने रांगोळीची बारीक रेघ ओढली. "घामेजला तर रेघ भिजेल," त्या म्हणाल्या आणि सांजवात लावायला बसल्या.

सकाळी पूजेच्या आधी त्यांनी कप उचलला. पाट कोरडा. रेघ जशीच्या तशी. पाणी कपभरच.

"कल्याणी, इकडे ये. हे मातीचं नाही."

"मातीचंच आहे, आई. तळ्याची माती आणि खुर्जा गावाहून मागवलेली. फक्त आच इतकी दिली, की तिची सगळी भोकं बुजली. तिला आता पाणी पिता येत नाही."

"म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीचं."

"हो. अगदी तसंच."

"बरणी मी सोवळ्यात नेते." सासूबाईंचा आवाज चढला. "मग बावीस वर्षं बोलली का नाहीस?"

"किती वेळा सांगितलं तुम्हाला! हजारावर अंश, स्टोनवेअर..."

"ते इंग्रजी सांगितलंस. बरणी म्हणालीस का एकदा तरी? आपलं आर्ट, आर्ट, आर्ट. आर्ट उष्टं होतं की नाही हे मी कुठल्या पोथीत बघू?"

खरंच, बावीस वर्षांत कल्याणीने मेघनासारखं बोलायला शिकून घेतलं होतं आणि बरणी हा शब्द काही उच्चारला नव्हता.

"चहा टाक," सासूबाई म्हणाल्या. "ह्यात दे."

त्या प्याल्या. फुंकर घालून, सावकाश. कल्याणी पाठ करून ओट्याशी उभी राहिली आणि उगीचच ओटा पुसत राहिली. चहा संपल्यावर सासूबाईंनी स्वतः कप विसळला आणि आपल्या पेल्याशेजारी पालथा घातला.

उरले सात, एक टवक्याचा. कल्याणीने मेघनाला फोन करून खरं ते सांगितलं. दालन गेलं, कल्याणीला वाटलं. पत्रिका छापली, बारा महिने छापले, आता काय होणार.

"सहा धड आहेत ना?" मेघना म्हणाली. "सहा ऋतू! कल्याणीजी, हे जास्त खोल आहे. आणि कप फेकले गेले, परत मिळाले, हा तर केवढा प्रवास. थोडी वाळू लागलेली असेल तर पुसू नका."

कल्याणीने स्वच्छ पुसून पाठवले.

सत्कार पुढच्या रविवारी झाला. चहा कागदी कपात होता. केशवरावांनी वीरांची भूमी, मातीचा सुगंध सगळं वाचलं, तिला एकदा कल्पना म्हणून हाक मारली, आणि शाल, नारळ देऊन झाल्यावर एक मोठं खोकं तिच्या हातात ठेवलं. "सभेकडून खास. घरी उपयोगी पडेल." आत सोनेरी काठाचा, गुलाबाच्या फुलांचा पांढराशुभ्र कपांचा सेट होता.

घरी सासूबाईंनी खोकं फिरवून फिरवून वाचलं. इंग्रजी अक्षरं त्यांना लावता यायची. "बोन चायना म्हणजे काय गं?"

हे कल्याणी बावीस वर्षं कुणाला बोलली नव्हती. सुखाने चाललेल्या चहात कशाला माती कालवा? पण आता बरणीवरून बोलणी खाऊन झाली होती.

"एवढा पांढरा रंग नुसत्या मातीला येत नाही, आई. त्यात राख घालतात. जनावरांच्या हाडांची. जवळजवळ अर्धी तीच असते."

सासूबाईंनी खोकं हळूच जमिनीवर ठेवलं आणि पायाने नव्हे, केरसुणीच्या दांड्याने ते दाराबाहेर सरकवलं. मग न्हाणीत गेल्या. आंघोळ करून आल्यावर म्हणाल्या, "केशवकडे हाच आहे."

"सगळ्यांकडे हाच आहे."

"पौर्णिमेला त्याच्याकडे सत्यनारायण आहे."

"आई, काही बोलू नका हं. उगीच लोकांचा जीव..."

"मी काही बोलणार नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि बोलल्या नाहीत.

पौर्णिमेला केशवरावांकडे पूजा झाली, आरती झाली, शिऱ्याचा प्रसाद वाटला गेला. मग गुलाबाच्या कपांतून चहा आला. सासूबाईंनी तबकाला हात लावला नाही. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला तपकिरी कप काढला, पुढे धरला आणि म्हणाल्या, "ह्यात ओता."

"प्रेमलाकाकू, हे काय?" केशवराव म्हणाले. "घरचं कुल्हड आणलंत? आमचे कप काय वाईट आहेत? बोन चायना आहेत, एकदम शुद्ध."

"त्यातलं मला काही कळत नाही बाबा. सुनेला विचार. ती जाणकार आहे, तूच शाल दिलीस तिला."

सगळे कल्याणीकडे वळले. तिच्या तोंडात शिरा होता. चौरंगावर देव होता, केशवरावांचा चेहरा उत्सुक आणि निष्पाप होता, आणि अकरा जणांच्या हातात अकरा गुलाबाचे कप होते. तिने शिरा सावकाश गिळला.

"आज नको, काका. आज घरात पूजा आहे. उद्या शेडमध्ये या. भट्टीपाशी बसून कुठल्या भांड्यात काय असतं ते सगळं सांगते. चहा देते."

"कुल्हडात?"

"बरणीच्या जातीच्या कपात. एक जरा टवक्याचा आहे, तो तुमचा."

चहा संपला. केशवराव वडिलांच्या शिकवणीप्रमाणे उठले आणि सासूबाईंपुढे हात केला. "द्या काकू, टाकतो."

सासूबाईंनी कप रुमालात गुंडाळला आणि पिशवीत तळाशी ठेवला.

"उद्या येशील ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा भिंतीपासून लांब बस."